लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची आहे. विंडोजचं लायसन्स जातं का?

हिशेबवही (नारायण पेठ)

नमस्कार मंडळी,

माझं कर-सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. लॅपटॉप २०१९ चा. घेतला तेव्हा विंडोज १० आतच आलं होतं, नंतर तेच फुकटात ११ झालं. मशीनची तक्रार नाही, पण आतली हार्ड डिस्क आता फारच रडवते. सकाळी चालू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर जाते ती तिथेच अडकून बसते. रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखांना समोर अशील बसलेला असतो आणि टॅली उघडत नाही.

दुकानात विचारलं. एसएसडी टाका म्हणाले, ते पटलं. पण पुढे म्हणाले, "नवी डिस्क म्हणजे विंडोजही नवं, त्याचं लायसन्स वेगळं घ्यावं लागेल. खर्च नको असेल तर आम्ही तसंच चालू करून देतो." तसंच म्हणजे कसं, ते मला कळलं. माझ्या मशीनवर लोकांचे पॅन, बँकेचे उतारे, पगारपत्रकं आहेत, त्यामुळे ते मला नको आहे.

तर प्रश्न असे. डिस्क बदलली की लायसन्स खरंच जातं का? सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर नेता येतं की पहिल्यापासून इन्स्टॉल करावं लागतं? आणि टॅलीचं काय करायचं?


मुठाकाठ

ताई, लायसन्स जात नाही. दुकानदाराला एक पैसाही देऊ नका त्याचा.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीकडून विंडोजसह येणाऱ्या लॅपटॉपची प्रॉडक्ट की मदरबोर्डावरच्या चिपमध्येच लिहिलेली असते. म्हणून हल्लीच्या लॅपटॉपच्या पोटाला पूर्वीसारखं पंचवीस अक्षरी की छापलेलं स्टिकर दिसत नाही. त्यावर विंडोज १० पासून डिजिटल लायसन्स आलं. मशीन एकदा ॲक्टिव्हेट झालं की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या हार्डवेअरची नोंद राहते आणि त्या नोंदीत सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डाला असतं. डिस्क बदला, रॅम वाढवा, बॅटरी बदला, मदरबोर्ड तोच असेल तर नोंद जुळते. नेट जोडलं की विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

उघडायच्या आधी एवढं बघून घ्या. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात ॲक्टिव्हेशन. तिथे 'डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेटेड' अशा अर्थाची ओळ दिसली की निर्धास्त. त्याच पानावर एडिशन दिसेल, ती कागदावर लिहून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर नुसतं होम नसतं, होम सिंगल लँग्वेज असतं. ते वेगळं धरलं जातं.

अजून खोलात जायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, डीएलआय असं टाइप करा. छोटी खिडकी येईल. तिच्यात ओईएम दिसलं तर लायसन्स त्या मशीनसोबत आलेलं, रिटेल दिसलं तर बहुधा वेगळं विकत घेतलेलं, आणि व्हॉल्यूम दिसलं तर एखाद्या संस्थेचं किंवा कुणीतरी आधीच 'तसंच चालू करून' दिलेलं.


चिमटा_आणि_स्क्रू

मी दुरुस्तीच्याच धंद्यात आहे, म्हणून या 'तसंच चालू करून देतो'बद्दल जरा सविस्तर लिहितो.

मोठ्या कंपन्या शेकडो मशीनसाठी एकगठ्ठा लायसन्स घेतात. त्यांच्या ऑफिसात केएमएस नावाचा सर्व्हर असतो. मशीन त्याच्याकडून ॲक्टिव्हेशन घेतं, ते १८० दिवस टिकतं आणि अधूनमधून पुन्हा सर्व्हरशी बोलून ते वाढवून घेतं. क्रॅक करणारं सॉफ्टवेअर नेमकं याचंच सोंग घेतं. तुमच्या मशीनवर खोटा सर्व्हर बसवतं किंवा कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरकडे मशीनला वळवतं. ते टाकताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात आणि सगळे अधिकार देऊन चालवतात. त्या वेळी सोबत आणखी काय आत शिरलं हे कुणीच सांगू शकत नाही. टाकून देणाऱ्या पोऱ्यालाही माहीत नसतं, त्याने ते कुठूनतरी उतरवलेलं असतं. अशिलांचे कागद असलेल्या मशीनवर हे करू द्यायचं नाही हा तुमचा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे.

सगळेच दुकानदार मुद्दाम फसवतात असं नाही. विंडोज ७ च्या काळात फॉरमॅट केलं की की टाकायला लागायची, तीच सवय काहींच्या डोक्यात अजून आहे. पण मशीन मूळ लायसन्सचं असताना त्यावर क्रॅक मारून देणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या चांगल्या वस्तूची नासाडी आहे. मी अशी मशीन नेहमी बघतो. आत ओईएमची की शाबूत असते आणि वर कुणीतरी प्रो एडिशनचं क्रॅक लावून ठेवलेलं असतं. ते पुसून होम सिंगल लँग्वेज टाकलं की एक शब्द न विचारता ॲक्टिव्हेट होतं.


कर्वेनगर_२२

तीनशे-चारशे रुपयांत ऑनलाइन की मिळतात, त्यांचं काय? माझ्या मित्राने घेतली, चालते आहे.


चिमटा_आणि_स्क्रू

चालते तोवर चालते. एवढ्या स्वस्तात येणाऱ्या की बऱ्याचदा कुठल्यातरी संस्थेच्या एकगठ्ठा लायसन्समधून फुटलेल्या असतात. संस्थेच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या लक्षात आलं की ती की बंद होते. तोवर विकणाऱ्याचं पान गायब झालेलं असतं. आणि ताईंना की घ्यायचीच नाहीये, त्यांच्याकडे आहे.


शनिवारची_मीरा

आता क्लोन (जुन्या डिस्कची नव्या डिस्कवर हुबेहूब नक्कल) करायचं की नव्याने टाकायचं याबद्दल. यात माझं मत ठाम आहे. घरचं मशीन असेल, त्यात फोटो आणि ब्राउझर एवढंच असेल, तर नव्याने टाका, मशीन स्वच्छ होतं. ऑफिसचं मशीन असेल, त्यात टॅली, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, प्रिंटर, स्कॅनर, सरकारी साइटसाठी बसवलेल्या भानगडी असतील, तर क्लोनच करा. नाहीतर पुढचे कित्येक दिवस 'हे पण राहिलं' करत बसाल.

एसएसडी घ्यायच्या आधी लॅपटॉपचं मॉडेल बघून आत एम.२ची जागा (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) आहे का ते पाहा. त्या काळातल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असूनही एम.२ची जागा रिकामी असते. लांबी बहुतेक ठिकाणी २२८० लागते, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. पण एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही येते (डिस्क मशीनला जोडायच्या या दोन पद्धती), आणि काही जागांत दोन्हींपैकी एकच चालते. साटाची धाव सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत, एनव्हीएमई तिच्या कित्येक पट. हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला मात्र दोन्हींत स्वर्ग दिसतो, त्यामुळे जी बसते ती घ्या, आकड्यांच्या मागे लागू नका.

एम.२ची जागा रिकामी असेल तर तुमचं काम फार सोपं. जुनी डिस्क तिच्या जागी ठेवूनच नवी बसवता येईल आणि आतल्या आत क्लोन होईल. बऱ्याच मोठ्या एसएसडी कंपन्या आपल्या डिस्कसाठी क्लोनचं सॉफ्टवेअर फुकट देतात, तेच वापरा. क्लोनझिला उत्तम आहे आणि पूर्ण मोफत आहे, पण मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर न्यायचं असेल तर ते आधी पार्टिशन आकसायला लावतं. १ टीबीवरून ५१२ जीबीवर जाणाऱ्याला पहिल्या खेपेला ते झेपत नाही.

क्लोन झाल्यावर मशीन पूर्ण बंद करा आणि जुनी डिस्क काढून मगच पहिल्यांदा चालू करा. हे विसरू नका. दोन्ही डिस्कची ओळख आता सारखी असते. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं, किंवा बूट जुनीवरूनच होत राहतं आणि आपल्याला वाटतं काहीच फरक पडला नाही. जुनीवरून नवीवर, म्हणजे साटावरून एनव्हीएमईवर जाताना कधीकधी निळा पडदा येऊन बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतो. घाबरू नका. रिकव्हरीच्या पर्यायांतून एकदा सेफ मोडमध्ये चालू केलं की बहुतेक वेळा ड्रायव्हर जागेवर बसतो आणि पुढचं बूट नीट होतं.

आणि या सगळ्याच्या आधी बॅकअप, वेगळ्या डिस्कवर. क्लोन करताना 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली तर भरलेली डिस्क रिकामी होते. दोन्ही नावं मोठ्याने वाचा आणि मगच बटण दाबा.


मुठाकाठ

मीराताईंच्या प्रतिसादात एक भर. लायसन्सपेक्षा मला बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, जास्त काळजी वाटते. होम एडिशनमध्ये त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते बऱ्याचदा न सांगता चालू झालेलं असतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने इन्स्टॉल करतानाच चालू होतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली बघा. चालू असेल तर क्लोनच्या आधी बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडू द्या. हार्ड डिस्कवर याला तास लागतात, मध्येच मशीन बंद करू नका.

बंद करायचं नसेल तरी ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून कपाटात ठेवा. विंडोजचं लायसन्स हरवलं तर फार तर कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं पुसट दिसत राहील. ही की हरवली तर डिस्कवरचा सगळा डेटा गेला.


हडपसरकर

याला माझ्याकडून दुजोरा. भावाच्या वॉरंटीतल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड सर्व्हिस सेंटरने बदलला. घरी आणून चालू केला तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागायला लागला. ती खात्यात सापडली म्हणून वाचलो. आणखी एक गंमत नव्हे, त्रास असा की विंडोज ॲक्टिव्हेटेड नव्हतं. बोर्ड बदलताना त्यांनी नव्या बोर्डात लायसन्सची की लिहायला हवी होती, ती लिहिलीच नव्हती. पुन्हा न्यावा लागला. मग त्यांनी ते करून दिलं, पैसे मागितले नाहीत. कुणी मदरबोर्ड बदलून घेणार असेल तर काउंटरवरच ॲक्टिव्हेशनचं पान उघडून बघा, पावतीवर सही नंतर.


खिळे_जुळवणारा (सदाशिव पेठ)

नमस्कार. मी छपाईच्या व्यवसायात जुना माणूस. माझं प्रकरण वेगळं आहे. डीटीपीचं एक असेंबल केलेलं मशीन विंडोज ७ वर आहे. त्यावर श्रीलिपी आणि जुन्या फॉन्टमधल्या पुस्तकांच्या फाइली आहेत. स्टिकरवर विंडोजची की आहे. हीच की नव्या मशीनवर विंडोज ११ ला लागू होईल असं मुलगा म्हणतो. होईल का? आणि जुन्या मशीनची डिस्क कुरकुरते आहे.


मुठाकाठ

काका, आता नाही. ७ आणि ८ वरून १० वर फुकट जाण्याची योजना जाहीरपणे २९ जुलै २०१६ ला संपली, पण नंतरही जुन्या की चालत होत्या. मायक्रोसॉफ्टने तो मार्ग सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. मुलाचं म्हणणं तेव्हापर्यंत खरं होतं. नव्या मशीनसाठी लायसन्स घ्यावंच लागेल. घेताना रिटेल घ्या म्हणजे पुढे मशीन बदललं तरी सोबत नेता येईल.

जुन्या मशीनचं मात्र तसं नाही. त्याच बोर्डावर राहायचं असेल तर कुरकुरणारी डिस्क आजच क्लोन करून घ्या, उद्यावर टाकू नका. एसएसडी साटाच घ्या, विंडोज ७ मध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नाही. श्रीलिपीचं डोंगल (मशीनला लावायची लायसन्सची छोटी कांडी) असेल तर ते लायसन्स डोंगलात आहे, डिस्क बदलल्याने त्याला धक्का नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला आहे, तेव्हा त्या मशीनचं नेट काढून ठेवा आणि फाइली पेन ड्राइव्हने न्या-आणा.


खिळे_जुळवणारा (सदाशिव पेठ)

डोंगल आहे. नेट काढलं. पुण्यातच तयार झालेलं सॉफ्टवेअर म्हणून श्रीलिपीवर आमचा जीव आहे, त्या फाइली जाता कामा नयेत. डिस्कचं काम या आठवड्यातच करून घेतो. आभारी आहे.


हिंजवडी_फेज_दोन

रिटेल लायसन्स एका मशीनवरून दुसऱ्यावर कसं न्यायचं? माझा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, बोर्ड आणि प्रोसेसर बदलतोय. आणि कंपनीच्या लॅपटॉपमध्येही मोठी एसएसडी टाकावी म्हणतोय.


शनिवारची_मीरा

कंपनीच्या लॅपटॉपला हात लावू नका. लायसन्स त्यांचं, डिस्कवरचा डेटा त्यांचा. आयटी विभागाला तिकीट टाका.

डेस्कटॉपसाठी जुना बोर्ड काढायच्या आधीच विंडोज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडा. ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'खात्याशी जोडलेलं' असं आलं पाहिजे. नव्या बोर्डावर इन्स्टॉल करून त्याच खात्याने लॉगिन करा, ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर चालवा, 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय घ्या आणि यादीतून जुन्या मशीनचं नाव निवडा. ही सोय २०१६ च्या १६०७ आवृत्तीपासून आहे. डबा घेताना मिळालेली की हाताशी असेल तर जुन्या मशीनवर एसएलएमजीआर स्लॅश यूपीके देऊन ती काढून टाका आणि नव्यावर टाका. एका वेळी एकाच मशीनवर, ही अट पाळायचीच. आणि ट्रबलशूटर ओईएम लायसन्स दुसऱ्या बोर्डावर नेऊन देत नाही, तेव्हा आधी डीएलआय करून आपलं खरंच रिटेल आहे का ते बघा.


प्रभातरोडचा_वाचक

मी मागे दुकानातून होमचं प्रो करून घेतलं होतं, पैसे भरून. आता नव्या एसएसडीवर नव्याने टाकलं तर इन्स्टॉलरने काही न विचारता होम सिंगल लँग्वेजच टाकलं. प्रो गेलं का?


मुठाकाठ

गेलं नाही. इन्स्टॉलर बोर्डावरची की वाचतो आणि तिथे कारखान्यात लिहिलेली होमचीच आहे. प्रोची नोंद सर्व्हरवर आहे. नेट जोडून ॲक्टिव्हेशनचा ट्रबलशूटर चालवा, या मशीनसाठी प्रोचं डिजिटल लायसन्स आहे असं तो ओळखतो आणि प्रोवर घेऊन जातो.


शनिवारची_मीरा

हिशेबवही ताई, टॅलीचं राहिलंच की! डिस्कला हात लावायच्या आधी टॅलीतून लायसन्स सरेंडर करा. टॅली प्राइममध्ये एफ१ दाबून हेल्प, मग सेटिंग्ज, त्यात लायसन्स, त्यात सरेंडर. ते लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं. सरेंडर न करता डिस्क बदलली तर नव्या डिस्कवर ते नाकारलं जाऊ शकतं आणि नेमकं शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सपोर्टला फोन करत बसावं लागतं. कंपन्यांच्या डेटाचा बॅकअप आधी, सरेंडर नंतर. डिजिटल सहीचं टोकन असेल तर काळजी नाही, सही टोकनमध्ये असते, मशीनमध्ये फक्त ड्रायव्हर.

विंडोजचं लायसन्स सगळ्यांना आठवतं म्हणून ते सुरक्षित राहतं. बाकीची लायसन्सं कुणाला आठवत नाहीत. ऑफिस कोणत्या खात्यावर घेतलं आहे तेही आत्ताच बघून घ्या, लॅपटॉपसोबत आलेलं असेल तर ज्या खात्याने पहिल्यांदा उघडलं त्याच खात्यात ते अडकलेलं असतं.


हिशेबवही (नारायण पेठ)

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं, म्हणून लिहिते.

ॲक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल लायसन्स, एडिशन होम सिंगल लँग्वेज, डीएलआयमध्ये ओईएम. म्हणजे दुकानात सांगितलेलं साफ चूक होतं. एन्क्रिप्शन बंदच होतं. ऑफिस मात्र ज्या खात्यावर होतं ते आमच्या आधीच्या सहायकाने स्वतःच्या ईमेलने उघडलेलं निघालं. त्याला फोन केला, भला माणूस, त्याने तेव्हाचा पासवर्ड आठवून दिला आणि आता ते खातं ऑफिसच्या नंबरवर वळवलं आहे. हे मीराताईंच्या त्या एका ओळीमुळे सापडलं, नाहीतर पुढे कधीतरी मोठी अडचण झाली असती.

एसएसडी तपकीर गल्लीजवळून घेतली. दुकानातल्या मुलाने मॉडेल नंबर विचारला, स्वतःच शोधून एनव्हीएमई चालेल म्हणाला आणि बिलावर सिरियल नंबर लिहून दिला. लॅपटॉप भावाने उघडला. मागचं झाकण निघाल्यावर पंख्याशेजारी ती रिकामी जागा आणि तिच्या टोकाला एकच बारीक स्क्रू दिसला. पट्टी तिरकी घालून खाली दाबायची आणि तो स्क्रू लावायचा, एवढंच. टॅली आधी सरेंडर केलं होतं. क्लोन रात्रभर चालला, सकाळी जुनी डिस्क काढली आणि चालू केलं.

लॉगिन झाल्यावर पहिलं काम ॲक्टिव्हेशनचं पान उघडलं. ॲक्टिव्हेटेड. की विचारली नाही, फोन लागला नाही. मग टॅली पुन्हा ॲक्टिव्हेट केलं, तेही लगेच झालं. टॅली आता चहाचा कप टेबलावर ठेवेपर्यंत उघडतं, मला अजून खरं वाटत नाही.

दुकानात परत जाऊन त्यांना हे शांतपणे सांगितलं आणि डीएलआयची खिडकी दाखवली. मालकांनी बघितलं, पुढच्या गिऱ्हाइकाला आधी हेच तपासून देऊ म्हणाले.

जुन्या डिस्कचं काय करू?


चिमटा_आणि_स्क्रू

महिनाभर तरी तशीच डब्यात ठेवा, पुसू नका. एखादी फाइल राहिली असेल तर तीत मिळेल. नंतर विकू नका आणि भंगारातही देऊ नका, अशिलांचा डेटा आहे. नुसतं क्विक फॉरमॅट केल्याने डेटा जात नाही, पूर्ण फॉरमॅट करा म्हणजे सगळ्या जागेवर शून्यं लिहिली जातात. मग बाहेरच्या डब्यात घालून बॅकअपची डिस्क म्हणून वापरा. पण डिस्क आधीच कुरकुरत असेल तर बॅकअपसाठी तिच्यावर विसंबू नका.


कर्वेनगर_२२

शेवटचा प्रश्न. ती जुनी डिस्क मी माझ्या मशीनला लावली तर तिच्यावरचं लायसन्सवालं विंडोज माझ्याकडे चालेल का? म्हणजे मला वेगळं घ्यायला नको.


मुठाकाठ

कदाचित चालू होईल, पण ॲक्टिव्हेट होणार नाही. तुमचा बोर्ड वेगळा आहे. ताईंचं लायसन्स त्यांच्या लॅपटॉपमध्येच आहे, डिस्कबरोबर बाहेर आलेलं नाही. आणि त्या डिस्कवर त्यांच्या अशिलांचे कागद आहेत, ती मागू नका. तुमच्या मशीनवर डीएलआय करून काय येतं ते इथे टाका, मग बघू.